अन्नछत्र ते समतल चर : दुष्काळी महाराष्ट्रातील धर्मसमूहांचा एक इतिहास

मराठी मुलखातील जुन्या दुष्काळांची नावे पाहिली तर एक गोष्ट सहज लक्षात येते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन बारा वर्षे टिकला असे परंपरा सांगते तो 'दुर्गादेवीचा दुष्काळ'. पंधराव्या शतकातला 'दामाजीपंतांचा दुष्काळ'. एकाला देवीचे नाव, दुसऱ्याला भक्ताचे. पाऊस का पडला नाही याचे उत्तर त्या काळी कोणापाशी नव्हते, परंतु दुष्काळात कोण धावून आले याची आठवण मात्र लोकांनी जपली. ती आठवण धर्माच्या भाषेत जपली गेली, कारण संकटात एकत्र येण्यासाठी त्यांच्यापाशी दुसरी भाषाच नव्हती.

दामाजीपंतांची कथा सर्वांना ठाऊक आहे. मंगळवेढ्याची सरकारी कोठारे त्यांनी भुकेल्यांसाठी खुली केली आणि बेदरच्या दरबारी त्या धान्याचे मोल स्वतः विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात जाऊन भरले. कथा विलक्षण सुंदर आहे. पण तिच्यात भुकेला माणूस फक्त घेण्यापुरता येतो. देणारा भक्त, फेडणारा देव, वसूल करणारा बादशहा, हे तिघे कथेची पात्रे आहेत. धान्य नेणारे हजारो लोक हा केवळ समुदाय आहे. याच्या शेजारी १६३०च्या सुमारास पडलेल्या दुष्काळानंतरची तुकोबांची कथा ठेवून पाहावी. त्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, घरची सावकारी बुडाली. पुढे आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. येथे कोणी कोणाला धान्य दिलेले नाही. येथे देणाऱ्याने आपला हक्क सोडला आहे. दान दिल्याने देणारा आणि घेणारा आपापल्या जागी राहतात. खत बुडविल्याने त्या जागाच पुसल्या जातात. दुष्काळातील धर्मकार्याच्या या दोन तऱ्हा पुढच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतात, आणि प्रस्तुत लेखाचा विषय त्यांच्यातला फरक हाच आहे.

आजकाल 'हवामानबदलाला तोंड देण्याची क्षमता' असा शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो आणि मंदिरे, चर्च, मठ, मशिदी यांनी दुर्बल समूहांच्या बरोबरीने ती क्षमता उभारावी असे आवाहनही होते. आवाहन चांगले आहे, पण ते नवे नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पट्ट्यात ही गोष्ट दीडशे वर्षे चालू आहे. नगर जिल्ह्याचे (२०२४पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) पश्चिम टोक घाटमाथ्यावरच्या मुसळधार पावसात बुडालेले असते आणि तेथून काही कोसांवर पूर्वेला वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. तोही येईल तेव्हा येतो. अशा भूमीत हवामानाचा इतिहास हा सामाजिक इतिहासापासून वेगळा काढताच येत नाही.

१८७६-७८चा दुष्काळ हे या इतिहासाचे पहिले मोठे वळण. पॅसिफिक महासागरातील 'एल निनो' या घडामोडीशी त्या वर्षांच्या अवर्षणाचा संबंध आज अभ्यासक जोडतात. अर्थात पाऊस का हुकला याचे हे उत्तर आहे. माणसे का मेली याचे नव्हे. ते उत्तर सारा, सावकारी आणि धान्याच्या बाजारात शोधावे लागते. त्या काळाचे एक लहानसे पण फार मोलाचे साधन मराठीत उपलब्ध आहे : सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र. ओतूर हे जुन्नर तालुक्यातले गाव. माणसे गाव सोडून चालली आहेत, जनावरे चाऱ्यावाचून मरत आहेत, काही ठिकाणी पोटच्या पोरांना विकण्याची पाळी आली आहे, असे वर्णन त्यात येते. पण या वर्णनासाठी ते पत्र महत्त्वाचे आहे असे मला वाटत नाही. तसे वर्णन सरकारी अहवालांतही सापडते. त्यात घडलेला एक प्रसंग अधिक बोलका आहे. सावकारांविरुद्ध लोक उठले, त्यात सत्यशोधकांना पकडण्यात आले, आणि सावित्रीबाईंनी कलेक्टरला जाब विचारला. निरपराधांना धरण्यापेक्षा भुकेल्यांकडे पाहा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. कलेक्टरने माणसे सोडली आणि धान्याच्या गाड्याही पाठविल्या.

सत्यशोधक समाज (स्थापना २४ सप्टेंबर १८७३) याला धर्मसमूह म्हणावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. मी म्हणेन, होय. निर्मिकावरची श्रद्धा, भटाविना विवाह, एकत्र जमणे, वर्गणी, हे सारे त्यात आहे. त्या समाजाने दुष्काळात गावोगाव समित्या उभारल्या, आणि १८७७च्या मे महिन्यात जोतीरावांनी 'व्हिक्टोरिया बालाश्रमा'साठी मदतीचे जाहीर आवाहन केले. अन्नछत्र तर तेही होते. फरक असा की भाकरी भाजणारे आणि भाकरी खाणारे एकाच शेतकरी-कष्टकरी थरातले होते, आणि भाकरीबरोबरच सावकार व कलेक्टर यांना प्रश्न विचारला जात होता. दामाजीपंतांच्या कथेत समुदाय म्हणून राहिलेली माणसे येथे पहिल्यांदा बोलू लागली.

त्याच दुष्काळात नगर जिल्ह्यात ख्रिस्ती मिशनांचे काम वाढले. अमेरिकन मराठी मिशन तेथे १८३१पासून होते. जर्मन जेज्वीट धर्मगुरू १८७८च्या सुमारास राहुरीकडील केंदळ परिसरात आले. दुष्काळानंतरच्या वर्षांत, मुख्यत्वे महार आणि मांग समाजातून, मोठ्या संख्येने लोकांनी बाप्तिस्मा घेतला. 'दुष्काळी ख्रिस्ती' हा हेटाळणीचा शब्द तेव्हापासूनचा. या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा : ज्या गावात विहिरीवर पाणी शेंदण्याचाही अधिकार नाही, त्या गावातील माणसाने दुष्काळात धर्म बदलला तर त्याने तो पोटासाठी बदलला की प्रतिष्ठेसाठी, हे ठरविण्याचा अधिकार त्या विहिरीच्या मालकाला कोणी दिला? तथापि मिशनांचीही बाजू तपासली पाहिजे. १८९९-१९००च्या दुष्काळातील कार्यासाठी अमेरिकन मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांना 'कैसर-ए-हिंद' पदक मिळाले. अनाथालये, उद्योगशाळा निघाल्या, कित्येक मुले वाचली आणि शिकली. परंतु निधी परदेशातून यायचा आणि निर्णय मिशनच्या बंगल्यात व्हायचा. घेणारा आता मंडळीचा सभासद झाला होता, तरी वहीत तो घेणाऱ्यांच्याच रकान्यात होता.

याला अपवाद म्हणून पंडिता रमाबाईंकडे पाहावेसे वाटते. १८७०च्या दशकातील दुष्काळात, दक्षिणेत भटकत असताना, त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. भूक त्यांना ऐकून ठाऊक नव्हती. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. १९००मध्ये गुजरातेतूनही आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला जे 'मुक्तिसदन' उभे राहिले ते केवळ आश्रयस्थान नव्हते. विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना चालला, आणि हे सारे त्या स्त्रियांनी चालविले. पुण्याच्या पूर्वेच्या कोरड्या माळावर स्त्रियांची एक वसाहत पुढचा दुष्काळ झेलू शकेल अशा तयारीने उभी राहिली. धर्मांतराच्या वादाच्या धुरळ्यात रमाबाईंच्या कार्याची ही बाजू आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी फारशी पाहिली नाही. हरिभाऊ आपट्यांची 'काळ तर मोठा कठीण आला' ही कथा आपण वर्गात शिकवितो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातील माणसांना जो शेवट मिळतो त्यापलीकडे जाऊन कोणी त्या काळात काही उभे केले होते, हे विद्यार्थ्यांना सांगितले जात नाही.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध येथे ओलांडून जाणे सोयीचे आहे. धर्मसमूहांच्या कामात नवे असे काही त्या काळात घडले असले तरी आपल्या विषयाचा पुढचा धागा १९६०च्या दशकात हाती लागतो, आणि तो मराठवाड्यात, जालन्यात. तेथील चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने कठीण कातळात विंधनविहिरी घेण्यास सुरुवात केली. विहिरीला पाणी लागे, पण हातपंप टिकत नसत. जुने बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले. त्यावर अख्खे गाव पाणी भरू लागले की त्यांचे सांधे महिन्या-दोन महिन्यांत खिळखिळे होत. जालन्यात पोलाद वापरून एक दणकट पंप तयार झाला; सोलापुरात चर्चशी संबंधित अशाच एका विहीरसेवेत काम करणाऱ्या ऑस्कर कार्लसन या स्वीडिश अभियंत्याने त्यात आणखी सुधारणा केली. या 'सोलापूर पंपा'वरूनच युनिसेफच्या पुढाकाराने १९७०च्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा पंप सिद्ध झाला आणि पुढे लाखोंच्या संख्येने देशोदेशी गेला. आशिया-आफ्रिकेतील खेड्यांत जो दांड्याचा पंप दिसतो त्याचे कूळ जालना-सोलापूरच्या मिशनच्या आवारात आहे, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जावी इतकी मोठी आहे. ती सांगितली जात नाही. यंत्राचा इतिहास लिहिण्याची आपल्याला सवय नाही, असो.

पण पंपाने एक नवीच अडचण निर्माण केली. पंप पाणी काढतो. पाणी मुरवत नाही. १९७२च्या दुष्काळाने हे उघडे पाडले. त्या वर्षी सरकारने रोजगाराची कामे काढली, लाखो माणसे खडी फोडत राहिली, आणि पुष्कळांच्या मनात एकच प्रश्न आला : याच श्रमातून पुढच्या वर्षीचे पाणी का अडवू नये?

पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे या प्रश्नाला मिळालेले उत्तर मला या सबंध इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तेथे जमीन घेतली ती कोणा शेतकऱ्याची नव्हे, देवस्थानाची. सोळा हेक्टर उजाड, उताराची इनाम जमीन त्यांनी गावच्या देवस्थानाकडून दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. बांध घातले, पाझर तलाव केला, विहीर खणली. खडकाळ माळावर पीक उभे राहिले. येथपर्यंतची कथा इतर यशोगाथांसारखीच. पुढे जी 'पाणीपंचायत' आली तिचे नियम मात्र वेगळ्या जातीचे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात वाटायचे : माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. हा अखेरचा नियम वाचताना तुकोबांच्या कर्जखतांची आठवण होते. पाणी हे जमिनीच्या मालकीला चिकटलेले खत आहे असे मानण्याची जी रूढी होती ती येथे पाण्यातच बुडविली गेली.

देवस्थानाने दिले काय? पैसा नाही, उपदेश नाही. ज्या जमिनीवर कोणा एकाची मालकी नव्हती अशी जमीन त्याने दिली. दुष्काळी गावात अशी जमीन फार थोडी असते, आणि प्रयोग फसला तर कोणाचे घर बुडत नाही अशी तर तेवढीच. महाराष्ट्रात देवस्थानांच्या नावे आजही किती जमीन आहे आणि तिच्यावर काय चालले आहे, याचा विचार या प्रकाशात कोणीतरी करावयास हवा.

नायगावच्या पाठोपाठ राळेगण सिद्धीचे नाव येते. १९७५मध्ये अण्णा हजारे गावी परतले, यादवबाबांचे मोडके देऊळ त्यांनी स्वतःच्या पैशाने दुरुस्त केले, आणि त्या देवळातून गावाची पंचसूत्री निघाली : श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी. पाणी अडले, गाव सुधारले, यात शंका नाही. देवळासमोर घेतलेली शपथ मोडणे कठीण असते, हे त्या यशाचे गमक. पण त्याच देवळाच्या अधिकारातून दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याचीही प्रथा निघाली, हेही नोंदवले पाहिजे. श्रद्धेने एकवटलेला समूह फार मोठे काम करू शकतो. ज्याचे मत वेगळे आहे त्याला बोलण्याची जागा उरत नाही, ही त्याची किंमत. आणि पंचसूत्रीतील पाच शब्दांपैकी चार 'बंदी'चे आहेत. या बंद्या गावातील प्रत्येकाला सारख्या जाचत नाहीत. बागायतदाराला चराईबंदीने काही तोशीस लागत नाही. चार शेळ्यांवर संसार असलेल्या बाईला लागते.

हर्मन बाखर यांच्या कामाकडे याच अंगाने पाहिले पाहिजे. बाखर (जन्म १९२४, मृत्यू २०२१) हे स्वित्झर्लंडचे जेज्वीट धर्मगुरू. १९४८मध्ये ते भारतात आले आणि त्यांचे आयुष्य नगर जिल्ह्यात गेले. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नगरला 'सोशल सेंटर' सुरू केले. आरंभीचा भर विहिरी आणि उपसा सिंचन यांवर होता. म्हणजे पंपाचाच मार्ग. विहिरींची संख्या वाढली तसे पाणी खोल गेले, आणि मग लक्ष विहिरीवरून डोंगराकडे वळले. माथ्यावर चर खणायचे, उतारावर बांध घालायचे, सर्वांत शेवटी ओढ्यात बंधारा : 'माथा ते पायथा' हा क्रम. त्यातून नाबार्ड आणि जर्मन सरकारच्या साहाय्याने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, आणि १९९३मध्ये बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट'ची स्थापना केली. हा न्यास धार्मिक संस्था नव्हे. तसा तो होऊ दिला नाही यातच त्यांचे शहाणपण दिसते. १८७८ला ज्या जिल्ह्यात जेज्वीट मंडळी मंडळी जमवावयास आली, त्याच जिल्ह्यात शंभर वर्षांनी त्याच संघाचा एक धर्मगुरू हिंदू, नवबौद्ध, ख्रिस्ती अशा सर्व ग्रामस्थांच्या पाणलोट समितीकडे पैसा आणि निर्णय सोपवितो, हा प्रवास लहान नाही.

या कार्यक्रमाची एक अट होती. पैसा येण्यापूर्वी गावाने श्रमदान करून दाखवायचे, आणि पुढेही अकुशल मजुरीचा ठराविक हिस्सा श्रमदानाने द्यायचा. ही अट शहाणी आहे, पण क्रूर होऊ शकते. ज्याच्या शेतात पाणी वाढणार त्याचे श्रमदान म्हणजे गुंतवणूक. ज्याला शेतच नाही त्याचे श्रमदान म्हणजे वेठ. भूमिहीनांना आणि एकट्या बाईच्या कुटुंबांना त्यातून सूट देण्यात आली होती. हा बारकावा अहवालांत एका ओळीत येतो. माझ्या मते तो साऱ्या कार्यक्रमाचा कणा आहे.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्यातले बहुचर्चित गाव. १९९६ ते २००१ या काळात तेथे पाणलोटाचे काम झाले. पूर्वी एप्रिलपासून जुलैपर्यंत टँकर. शेतीत वर्षाला तीन-चार महिने काम. कामानंतर ते नऊ-दहा महिन्यांवर गेले. परंतु आरंभी विरोध झाला, आणि तो केला मेंढपाळांनी. चराईबंदी म्हणजे त्यांच्या कळपांवर बंदी. 'बनगरवाडी' वाचलेल्यांना हा विरोध समजावून सांगावा लागू नये. माडगूळकरांच्या कादंबरीत दुष्काळ येतो आणि धनगरांची वाडी रिकामी होते. मेंढरू जगले नाही की माणूस तेथे राहत नाही. दरेवाडीत तोड निघाली ती अशी की सारे रान एकदम बंद करावयाचे नाही. टप्प्याटप्प्याने एकेक भाग बंद करायचा, तेथे गवत उगवेपर्यंत दुसरा भाग खुला ठेवायचा. तांत्रिक दृष्टीने ही तडजोड होती, कामाचा वेग मंदावणारी. पण तिच्यामुळे विरोध करणारा माणूस कामाच्या आखणीत आला.

२००९च्या सुमारास याच न्यासाने संगमनेर-अकोले भागात हवामानबदलाशी जुळवून घेण्याचा कार्यक्रम हाती घेतला. गावांत हवामान-केंद्रे बसली, हवामान खात्याच्या मदतीने पीकसल्ल्याची पत्रके भिंतींवर लागू लागली, पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत सुरू झाली. याची गरज होती, कारण संकटाचे रूप बदलले होते. चर आणि बांध कमी पावसावरचा इलाज आहेत. फेब्रुवारी-मार्च २०१४मध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली तिच्यापुढे चराचा काही उपयोग नव्हता. शिवाय पाणी वाढले की डाळिंब येते, कांदा येतो, प्लास्टिक अंथरलेली शेततळी येतात आणि ती विहिरीच्या पाण्याने भरली जातात. समाईक श्रमाने मुरविलेले पाणी एकेकाच्या तळ्यात जाऊन बसते. नायगावच्या पाणीपंचायतीने जो प्रश्न सत्तरच्या दशकात सोडविला होता, त्याला पाणलोटाच्या बहुतेक गावांनी हातच लावला नाही. आणि जेथे पाण्याचा हक्क जमिनीलाच चिकटून राहिला तेथे श्रमदानाची पुण्याई अखेर सातबाऱ्याच्या प्रमाणातच वाटली गेली.

मेंढपाळांचा प्रश्न आणखी पुढचा आहे. दरेवाडीचे मेंढपाळ निदान गावचे रहिवासी होते. समितीत त्यांना बसता आले. पण या पठारावरचे अनेक धनगर पावसाळा सरला की कळप घेऊन घाट उतरतात, कोकणात खाचरांवर मेंढरे बसवतात आणि मृगाच्या आधी परत येतात. वर्षातून ते कितीतरी पाणलोट ओलांडतात. समितीची हद्द मात्र डोंगराच्या माथ्यावर संपते, देवस्थानाची गावाच्या शिवेवर, आणि मंडळीची तिच्या सभासदांच्या यादीवर. दोन गावांच्या बंद रानांमधल्या वाटेवर कळप चालत असतो तेव्हा तो यांपैकी कोणाच्याच हद्दीत नसतो.